खांद्यावर लांब वस्तू

१२ मार्च २०२५, ब्रह्मपुरी

गेल्या वर्षीची वकिलीची डायरी निम्मी कोरी पडली आहे, त्यातच लिहितो. जुनी डायरी कोणी उघडून बघत नाही. पंचवीस वर्षं वकिली केली, असली वही कधी ठेवली नाही. पण आज जे ऐकलं ते बायकोला, शकिलालाही सांगायचं नाही असं ठरवलंय, आणि कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

कोर्टातून आलो तर ओसरीवर मुखरूभाऊ आणि त्यांची मुलगी दिव्यानी. कुरखेड्याकडच्या कोसमटोल्याचे. मुखरूभाऊंचं बांधाचं एक भांडण मी लढलो होतो आणि हरलो होतो, तरी माणूस पुन्हा माझ्याकडेच आला. वाटलं, परत बांधच असणार. रोज्याने डोकं ठणकत होतं, जरा खेकसलोच.

मुलगी बी.एस्सी. झालेली. इथे खोली करून राहते, वडसा रोडवर एका कंपनीत कामाला जाते. गोदामाच्या वर चाळीस कॉम्प्युटर आहेत. जंगलावर फिरणाऱ्या ड्रोनचे फोटो पडद्यावर येतात आणि ही पोरं खालच्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' दाबतात. त्यावरून यंत्र संशयित कोण ते ठरवतं. काम सुरक्षेच्या एका खात्याचं. कोणत्या, ते तिने सांगितलं. मी इथेही लिहीत नाही. नुसतं 'खातं'.

"चेहरा दिसत नाई सर," ती म्हणाली. "वरून नुसतं डोस्कं दिसते. खाली प्रश्न येते, खांद्यावर लांब वस्तू आहे काय? आता कावड लांबच असते, खांद्यावरच असते. मंग खोटं कसं दाबाचं?"

ओझं वाहायची बांबूची कावड इथल्या प्रत्येक घरात आहे. पण यंत्राला लांब वस्तू म्हणजे बंदूक. दिव्यानीने आदेश नावाच्या सुपरवायझरला तीनदा मेल केला, 'कावड' असा वेगळा पर्याय द्या म्हणून. उत्तर एकदाच आलं: सूचना विचाराधीन आहे.

११ फेब्रुवारीला दुपारी एक फोटो आला. बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ, पाळीवर वाकडं येनाचं झाड, आणि एक माणूस. एका फोटोला तीन सेकंद मिळतात. झाड ओळखीचं आहे हे डोक्यात येईपर्यंत बोट 'होय'वर पडलं होतं. संध्याकाळी तिच्याच गावच्या पोचूच्या मांडीतून गोळी गेली. लाखोरीचे भारे खळ्यावर टाकून रिकामी कावड घेऊन तो घरी चालला होता. पेपरात आलं, चकमकीत एक संशयित जखमी. अकरा दिवसांनी त्याला सोडलं, हातात एक कागदही न देता.

"मीच दाबलं सर," ती दोनदा म्हणाली. मुखरूभाऊ फरशीकडे बघत होते.

१७ मार्च

सगळे कायदे पुन्हा काढले. असा गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली पास केला. अकरा वर्षं झाली, अजून लागू केलेला नाही. गुपितं फोडणाऱ्याला आत टाकणारा कायदा मात्र १९२३ सालचा आहे आणि ठणठणीत आहे.

बंगळूरच्या एका संस्थेचं पत्रक मागे कोर्टाच्या बाररूममध्ये आलं होतं. देशाची सुरक्षा आणि एआय असल्या कामांतली गडबड बाहेर आणणाऱ्यांना ते मोफत वकिली मदत करतात. फोन केला. साधना मॅडम म्हणून आहेत, बोलणं स्वच्छ, हिशेबी. त्यांनी नियम सांगितले. एक अशील, एक वकील, एक फाइल. तक्रार सीलबंद. घरच्यांनाही कमीत कमी. नोकरी सोडायची नाही, वागण्यात फरक दिसता कामा नये. "मोस्ट केसेस लीक फ्रॉम होम," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. फोनवर मान डोलावून काय उपयोग, पण डोलावली.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. माझं नाव कय्यूम. देशाच्या सुरक्षेच्या प्रकरणात वकीलपत्रावर हे नाव आलं की लोक आधी नाव वाचतात, मग मजकूर. गुप्त असेल तेवढं बरं.

२३ मार्च

दिव्यानी आली होती, सोबत मुखरूभाऊ. वकीलपत्र पुढे केलं, तर ही पेन हातात घेऊन बसली.

"सर, सही कराच्या आधी मले ग्रामसभेत सांगा लागते."

"काय सांगायचं?"

"हेच. आमच्या गावचा नियम आहे. कोर्टात, ठाण्यात, कुठीबी जाचं असलं तं आधी सभेत बोलाचं. अन् पोचूमामाले तं सांगाच लागन."

कोसमटोल्याची सभा मला माहीत आहे. बहुमत वगैरे भानगड नाही. सगळ्यांचं एक झालं तरच ठराव, नाहीतर तीन-तीन दिवस बसतात. बांबू विकायचा ठराव असो की बोडीतल्या माशांचा, रजिस्टरवर गावातल्या प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. आणि त्या रजिस्टरमध्ये ही गुपिताच्या कायद्याखालचं प्रकरण लिहायला निघाली! मी डोक्याला हात लावला.

तिला समजावलं. तू दाबलंस हे चारचौघांत बोललीस की तो तुझाच कबुलीजबाब. फोटोबद्दल बोललीस की गुपित फोडलं. दोन्हीकडून तूच आत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गावात अवाक्षर नको. पोचूलाही नाही.

"किती दिवस सर?"

"तीन महिने."

ती मुखरूभाऊंकडे बघत राहिली. ते म्हणाले, "साहेब शिकलेले आहेत. आयक." मग तिने सही केली.

३१ मार्च

ईद. शकिलाचा शिरखुर्मा घेऊन दिव्यानी गावी गेली. दोन दिवसांनी परत येईल म्हणाली. "पोचूमामाकडे जा लागते, मोहफुलं वेचाले त्याले माणूस नाई," असं सांगत होती. मी पुन्हा बजावलं, तोंड बंद. ती हसली नाही.

शकिलाला अर्धं कळलंच आहे. शाळेत मास्तरीण आहे, गप्प बसलेलं पोर तिला लगेच ओळखू येतं. म्हणाली, "वो बच्ची सूखती जा रही है. किसको बचा रहे आप, उसको या खुद को?" सणाच्या दिवशी असलं बोलणं. मी उठून बाहेर गेलो.

२ मे

तक्रार गेली. दिल्लीच्या दक्षता अधिकाऱ्याच्या नावे, पाकिटात पाकीट, दोन्हीला लाख. वडशाच्या पोस्टातून रजिस्टर केली, इथला पोस्टमन फार बोलतो म्हणून. साधना मॅडमनी मसुदा दोनदा तपासला. म्हणाल्या, टेक्स्टबुक. पंचवीस वर्षांत मला हा शब्द कोणी वापरला नव्हता. येताना अर्धा किलो जिलबी घेतली.

१९ जून

उत्तर नाही. तीन महिने झाले, दिव्यानी विचारत होती आता सांगू का. अजून नको म्हटलं.

तिने एक गोष्ट सांगितली, ती उगाच डोक्यात बसली आहे. दर रविवारी ती पोचूकडे चहा पिते. त्याच्या जखमेची पट्टी बदलून देते. तो तिला म्हणतो, तुह्यावानी पोरगी गावात नाई.

२४ जुलै

आज दिल्लीहून पत्र.  मजकूर दोन ओळींचा: आपली तक्रार आवश्यक कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आली आहे. खाली प्रत कोणाकोणाला ते. तीन नावं इंग्रजी आद्याक्षरांत, कळली नाहीत. साधना मॅडमना फोटो पाठवला, त्या सध्या परदेशात आहेत. चला, हालचाल तरी झाली.

६ ऑगस्ट

आज आदेश माझ्या ऑफिसात आला. तोच, कंपनीचा सुपरवायझर. वरोऱ्याचा पोरगा, पांढरा शर्ट, बोलायला मोठा गोड. पायाला हात लावला. म्हणाला, यंदा पंधरा ऑगस्टला कंपनी आणि खातं मिळून गावागावांतल्या हुशार मुलांचा सत्कार करणार आहेत, कोसमटोल्यातून दिव्यानीची निवड झाली, आणि मी प्रमुख पाहुणा म्हणून यावं. "वकीलसाहेब, तुमचे अन् त्यांच्या घरचे संबंध चांगले आहेत असं कळलं."

मी चकित. मग विचार केला, ब्रह्मपुरी केवढीशी, कोण कोणाकडे जातं ते पानठेल्यावरही कळतं. महत्त्वाचं हे की सत्कार करताहेत. म्हणजे संशय नाही! आपली गुप्तता शंभर टक्के टिकली.

दिव्यानीचा फोन आला. रडकुंडीला आली होती. "सर, मले नाई जाचं. गावासमोर नाई." मी म्हटलं, वेडी आहेस का, नाही म्हटलंस तर तिथेच संशय येईल. जा, शाल घे, नमस्कार कर, खाली उतर. दोन मिनिटांचं काम.

१५ ऑगस्ट

कार्यक्रम छान झाला. कोसमटोल्याच्या शाळेच्या पटांगणात मांडव, मोठा फ्लेक्स, त्यावर दिव्यानीचा हसरा फोटो आणि खाली अक्षरं: 'गावाची लेक, सुरक्षेचा डोळा.' फोटो तिच्या ओळखपत्राचा असावा. मला मंचावर बसवलं, गुलाब दिला. खात्याचे एक साहेब बोलले, अगदी मराठीतून. "तुमच्या जंगलात कोण येतं, कोण जातं, कोणाच्या खांद्यावर काय आहे, हे आम्हाला या लेकीच्या डोळ्यांमुळे कळतं. कोसमटोल्याने अभिमान बाळगावा."

दिव्यानी शाल घेताना वाकली ती सरळ उभीच राहीना. मी हळूच म्हटलं, हस. ती हसली, फोटो निघाला.

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. इकडच्या लोकांना टाळ्यांची सवय नाही. पुढच्या रांगेत पोचू बसला होता. साहेबांचं भाषण चालू असतानाच काठी टेकत उठला आणि निघून गेला. पाय दुखत असेल.

जेवण न करताच निघालो, वैनगंगेला पूर येईल म्हणत होते.

२० ऑगस्ट

सुगंधाबाईंना, म्हणजे दिव्यानीच्या आईला, भाताच्या रोवणीच्या टोळीने घेतलं नाही. शेवटच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, राहिल्या होत्या, बायका यांच्या बांधीवरून सरळ पुढे गेल्या. मुखरूभाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

मग दिव्यानीचा आला, गावाहूनच. तीन दिवस घरच्या विहिरीवर कोणी पाण्याला आलं नाही. ती पोचूकडे गेली तर दार लावलेलं. आणि काल दोन अनोळखी माणसं दुकानावर विचारून गेली, फोटोवाली पोरगी कोणती. कोणाची माणसं, कोणी सांगत नाही. तिच्या भागात खबऱ्या ठरलेल्या माणसाचं काय होतं हे मी कोर्टात कितीदा वाचलं आहे, पंचनाम्यांत.

मी काय केलं हे आज कळलं. मुलीला हाताला धरून मीच मंचावर चढवलं.

दिवसभर जुन्या पत्रातली ती आद्याक्षरं बघत होतो. साधना मॅडमनी संध्याकाळी उलगडून दिली. दिल्लीने माझं सीलबंद पाकीट फोडून, नावासकट, अभिप्रायासाठी खात्याकडे पाठवलं. खात्याने कंपनीकडे. जुलैमध्येच ते आदेशच्या टेबलावर होतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. आणि त्यांचं म्हणणं म्हणजे ती शाल. ना नोकरीवरून काढलं, ना नोटीस, ना खटला. ज्याला उत्तर द्यावं असं आमच्या हातात काही ठेवलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "आपल्या बाजूने प्रोटोकॉल कुठेही तुटला नाही, कय्यूमजी." मी फोन आपटला.

३१ ऑगस्ट

कोसमटोल्याच्या सभेने बोलावलं होतं. शकिला सोबत आली, नको म्हटलं तरी.

समाजमंदिराच्या ओट्यावर सगळं गाव. अध्यक्ष रंभाबाई, साठीच्या, नाकात जुनी फुली. दिव्यानी बाजूला एकटी. तिने सगळं सांगितलं, पहिल्या मेलपासून तीन सेकंदांपर्यंत. मार्चमध्ये जे बोलायची परवानगी मागत होती तेच, शब्द न शब्द. आता ते बहाण्यासारखं ऐकू येत होतं.

मग मी उठलो आणि कायदा सांगू लागलो. रंभाबाईंनी हाताने थांबवलं.

"वकीलसाहेब, तुमच्या कायद्यानं एकाले पकडता येते. बरोबर?"

"हो."

"पोरीनं मार्चात इथी सांगितलं असतं, तं आमी ठराव घेतला असता. साऱ्या गावाची सही, साऱ्या गावाचा अंगठा. मंग दिल्लीच्या पाकिटात कोनाचं नाव गेलं असतं? कोनाले शाल दिली असती त्यायनं? साऱ्या गावाले?"

मी खाली बसलो. पंचवीस वर्षांत युक्तिवाद असा कधी संपला नव्हता.

पोचू बसूनच बोलला. "पोरी, तू दाबलं थे नाई खुपत मले. कामच होतं तुहं. पन तू सहा महिने माह्या घरी च्या पेली, माही पट्टी बदलली, अन् सांगितलं नाई. थे खुपते."

"मले मना केलं होतं मामा."

"कोनं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत गुपित पाळलं बिचारीने. मीच म्हणालो, मी. सगळं गाव माझ्याकडे वळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं. ठराव असा: दिव्यानीला गावातून काढायचं नाही, तिच्या जिवाला गाव जबाबदार. पण यापुढे गावाच्या कोणत्याही ठरावावर तिची सही घ्यायची नाही. एकाचंही 'नाही' असेल तर ठराव होत नाही, म्हणून रजिस्टर प्रत्येकापुढे गेलं. मुखरूभाऊंनी अंगठा उठवला तेव्हा सुगंधाबाईंनी पदर तोंडात कोंबला. रजिस्टर सगळ्यात शेवटी दिव्यानीपुढे आलं, कारण तिच्या सहीशिवाय तोही ठराव पुरा होत नव्हता. तिने सही केली. अक्षर चांगलं आहे तिचं.

 परतीच्या वाटेवर शकिलाने ईदच्या दिवशीचं तिचं वाक्य पुन्हा उच्चारलं नाही, याचेच जास्त उपकार वाटले. मला दिव्यानीला वाचवायचं होतं हे खोटं नाही. पण आधी मला मला वाचवायचं होतं. माझं नाव कुठे छापून येऊ नये म्हणून मी एका पोरीला सहा महिने तिच्या माणसांतून तोडलं.

१४ ऑक्टोबर

खात्याचं उत्तर आलं. 'तक्रारदार समाधानी असून तिने सार्वजनिक कार्यक्रमात सन्मान स्वीकारला आहे. सबब तक्रार निकाली.' सोबत जोडपत्र म्हणून रंगीत फोटो. दिव्यानी शाल पांघरून हसते आहे. तिच्या शेजारी हातात गुलाब घेऊन तिचा वकील.

साधना मॅडमचा मेल: त्यांच्या वकिलांच्या प्रशिक्षणात मी या प्रकरणावर बोलावं, गोपनीयता कशी हाताळली त्यावर. उत्तर दिलं नाही.

२९ नोव्हेंबर

मुखरूभाऊ आले. अंगावर कापणीची धूळ, बाकावर बसले नाहीत. दिव्यानी कुठे आहे विचारलं.

"हैदराबादेत. तसंच काम आहे म्हने, फोटोचंच. पन तिथी गाड्या दाखवतेत, रस्ते दाखवतेत. मानसं नाई दाखवत." मग पिशवीतून ती शाल काढून टेबलावर ठेवली. "हे तुमी घ्याले सांगतली होती. ठेवा."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी दुसरा कागद काढला. सभेने स्वतःच तक्रार लिहिली आहे, वहीच्या फाडलेल्या पानांवर, शाईच्या पेनने. पोचूचं, कावडीचं, बोडीच्या पाळीचं, सगळं. कायद्याचं एकही कलम नाही. मागे आठ पानं सह्या आणि अंगठे.

"दिल्लीचा पत्ता लिहून द्या फक्त."

मी पेन घेतलं. एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारायला हात गेला, त्यांनी कागद मागे ओढला. पाकीट काढलं, विचारलं, सीलबंद करू का?

"नाई. उघडंच जाऊ द्या."

पत्ता लिहिला. पाठवण्याआधी सह्यांची पानं एकेक करून पाहिली. रंभाबाईंची वळणदार, पोचूचा अंगठा, मुखरूभाऊंचा, सुगंधाबाईंचा. नाव शोधत होतो ते सापडलं नाही. तक्रारीतला एक शब्दही तिच्यावाचून लिहिता आला नसता, पण तिची सही घ्यायची नाही असा गावाचा ठराव आहे. त्या ठरावावर तिची सही आहे.